एकच बाख, अनेक ऑर्गन : ध्वनिमुद्रणांमागची पार्श्वभूमी

हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर या कारागिराने १६८९ ते १६९३ या काळात बांधलेल्या ऑर्गनवर डी मायनरमधली एखादी रचना वाजवली, तर ती आजच्या पियानोच्या हिशेबाने ई मायनरमध्ये ऐकू येते. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर पांढरी दोनची रचना पांढरी तीनवर जाते. तिथल्या ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४९५ आहे आणि आज सर्वमान्य असलेली ४४०, एवढेच त्याचे कारण. कागदावरचे स्वर तेच असतात, वादकाची बोटेही तीच असतात, तरी रचना एका पूर्ण स्वराने वर चढलेली असते.

पाइप ऑर्गन हे वाद्य इमारतीतच बांधलेले असते. नळ्या, भाते, स्वरांची जुळणी आणि त्या वास्तूचा घुमारा हे सगळे मिळून ते वाद्य होते, आणि कोणतेही दोन ऑर्गन सारखे नसतात. (संगीत नाटकांमुळे मराठी रसिकाला परिचित असलेला, पायाने भाता मारायचा ऑर्गन हा हार्मोनियमच्या घराण्यातला, त्यात धातूच्या रीड कंप पावतात, नळ्या नसतात.) त्यामुळे वादकाने कोणत्या गावचा ऑर्गन निवडला यातच त्याने रचनेचा लावलेला अर्थ निम्मा ठरून जातो, असे मला ठामपणे वाटते. श्रोत्यांच्या कानावर ही गोष्ट ठसली ती मात्र विसाव्या शतकात, ध्वनिमुद्रणामुळे. त्याआधी हॅम्बुर्गचा ऑर्गन ऐकलेला माणूस नेदरलंड्समधल्या हार्लेमला पोहोचेपर्यंत पहिल्या नादाची आठवण पुसट झालेली असे.

कोणता ऑर्गन निवडायचा या प्रश्नाचे मूळ खुद्द बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराच्या लिखाणात आहे. आपल्या बहुतेक ऑर्गनरचनांत कोणते स्टॉप, म्हणजे नळ्यांचे कोणते संच, उघडायचे हे त्याने लिहिलेलेच नाही. व्हिवाल्डीच्या एका कॉन्चेर्टोचे त्याने केलेले डी मायनरमधले रूपांतर हा मोजक्या अपवादांपैकी एक. निवड समोरच्या ऑर्गनवर आणि वादकाच्या समजुतीवर सोपवलेली होती. ऑर्गनांची पारख करण्यात बाखचा मोठा लौकिक होता आणि १७४६ मध्ये नाउम्बुर्गच्या सेंट वेन्झेल चर्चमधला झाकारियास हिल्डेब्रांट यांचा नवा ऑर्गन तपासायला त्याला आणि ऑर्गन बांधणारे गॉटफ्रीड झिल्बरमान यांना बोलावले गेले होते. मात्र ज्या लाइपझिगमध्ये त्याने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे काढली, तिथल्या सेंट थॉमस चर्चमधला त्याच्या काळचा ऑर्गन आज उरलेला नाही. म्हणजे ‘बाखचा ऑर्गन’ असे एकाच वाद्याकडे बोट दाखवून म्हणता येत नाही.

स्वरजुळणीचा मुद्दा भारतीय कानाला चटकन कळेल. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा आजच्या समान जुळणीच्या पियानोचा किंवा पेटीचा गंधार अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका चढा असतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रचलित असलेल्या मीनटोन जुळणीत हा गंधार शुद्ध ठेवलेला असे. त्यामुळे काही मोजक्या पट्ट्यांमधली स्वरसंगती अतिशय शांत, स्थिर लागे आणि त्यापासून दूरच्या पट्ट्यांमध्ये गेल्यावर तीच कानाला टोचू लागे. शिवाय अनेक जुन्या ऑर्गनांमध्ये सर्वांत खालच्या सप्तकातल्या काही काळ्या पट्ट्या बसवलेल्याच नसत. अशा ऑर्गनवर पुढच्या काळातली रचना मुद्रित करायची झाली, तर तिथला खटकणारा स्वर स्वीकारायचा, एखादा खालचा स्वर वरच्या सप्तकात घ्यायचा की दुसरा ऑर्गन शोधायचा, हे वादकाला आधीच ठरवावे लागते.

कर्णा लावून ध्वनिमुद्रण करण्याच्या काळात ऑर्गनचा खर्ज तबकडीवर उमटतच नसे. १९२५ पासून मायक्रोफोनने मुद्रण होऊ लागले तेव्हा हे वाद्य कुठे पकडीत आले; तरी बारा इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची आणि फ्यूग (एकच धून एकामागून एक अनेक ओळींत गुंफत जाणारी रचना) रंगात आला असताना तबकडी उलटावी लागायची. याच काळात, डिसेंबर १९३५ मध्ये, डॉक्टर आणि ऑर्गनवादक आल्बर्ट श्वाइट्झर यांनी लंडनच्या ‘ऑल हॅलोज बाय द टॉवर’ या चर्चमध्ये बाखच्या रचना मुद्रित केल्या आणि १९३६ मध्ये स्ट्रासबुर्गच्या सेंट ओरेली चर्चमध्ये. कारखान्यात तयार होणाऱ्या, नुसत्या आवाजाने दबदबा निर्माण करणाऱ्या नव्या ऑर्गनांविरुद्ध त्यांनी १९०६ मध्येच पुस्तिका लिहिली होती. आफ्रिकेतल्या लांबारेने इथल्या दवाखान्यात त्यांचा रियाज चाले तो पायपट्ट्या जोडलेल्या एका पियानोवर. पॅरिसच्या बाख सोसायटीने दिलेला हा पियानो वाळवीपासून वाचावा म्हणून जस्ताचे अस्तर लावलेल्या पेटीतून पाठवला होता. लंडनचे ते चर्च डिसेंबर १९४० च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले आणि ऑर्गनही गेला. त्याचा नाद आता त्या तबकड्यांमध्येच आहे.

महायुद्धानंतर चित्र पालटले ते हेल्मुट वाल्खा या जर्मन ऑर्गनवादकामुळे. किशोरवयात दृष्टी गेलेल्या वाल्खांना घरातले कुणीतरी रचनेतली एकेक ओळ स्वतंत्रपणे वाजवून दाखवी, आधी आई आणि पुढे पत्नी. त्या ओळी एकेक करून पाठ झाल्या की ते मनात त्यांची वीण घालत. त्यांचा बाख ऐकताना चारही ओळी वेगवेगळ्या कळतात, त्याचे हे एक कारण असावे. अशा वादकाला प्रत्येक नळीचा उच्चार स्वच्छ असलेलाच ऑर्गन हवा होता. १९४७ मध्ये आर्काइव्ह या कंपनीसाठी त्यांनी सुरुवात केली ती ल्युबेकच्या याकोबी चर्चमधल्या लहान ऑर्गनवर. मार्च १९४२ च्या हवाई हल्ल्यात त्याच शहरातल्या मारीएन चर्चचे ऑर्गन जळून गेले होते; हा वाचला होता. पुढची मुद्रणे त्यांनी उत्तर समुद्राजवळच्या काप्पेल या खेड्यात केली. तिथला ऑर्गन श्निटगरने १६८० मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट योहानिस चर्चसाठी बांधला होता आणि १८१६ मध्ये तो खेड्यात आला. १९५६ मध्ये नेदरलंड्समधल्या आल्कमारच्या मोठ्या ऑर्गनवर त्यांनी ‘द आर्ट ऑफ फ्यूग’ स्टिरिओमध्ये मुद्रित केले, तेही अशी रचना की जिच्यावर बाखने कोणत्याही वाद्याचे नाव लिहिलेले नाही.

त्याच दशकात ई. पॉवर बिग्ज या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी वादकाने एक विलक्षण प्रयोग केला. बाखच्या नावावरचा डी मायनरमधला सुप्रसिद्ध टोकाटा (बोटांची चपळाई दाखवणारी मुक्त रचना) त्यांनी युरोपातल्या चौदा ऑर्गनांवर वाजवून एकाच रेकॉर्डमध्ये लागोपाठ ठेवला. या रचनेची सुरुवात अशी प्रयोगासाठीच केल्यासारखी आहे: एक छोटी थरथर, मग झरझर खाली उतरणारी स्वरावली आणि नंतर शांतता. त्या शांततेत वास्तूच बोलते. जिथे घुमारा पाच-सहा सेकंद रेंगाळतो, तिथे वादकाला नाद विरेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर पुढची ओळ आधीच्या ओळीच्या धुरात हरवते. कोरड्या सभागृहात तेवढेच थांबले, तर तो खंड पडल्यासारखा वाटतो. लय हा स्वभावाचा प्रश्न जेवढा, तेवढाच भिंतींचा.

मारी-क्लेअर आलँ या फ्रेंच ऑर्गनवादक बाईंनी बाखच्या समग्र ऑर्गनरचना तीनदा मुद्रित केल्या. १९५९ ते १९६७ मधल्या पहिल्या संचात बहुतेक ऑर्गन नव्या बांधणीचे होते. १९८५ ते १९९३ मधल्या तिसऱ्या संचासाठी त्यांनी फ्रायबेर्ग, ग्रोनिंगेन यांसारख्या ठिकाणचे ऐतिहासिक ऑर्गन निवडले. मधल्या काळात अनेक जुन्या वाद्यांवरचे नंतरचे थर उतरवून ती मूळ रूपाच्या जवळ आणली गेली होती. अशा ऑर्गनची पट्टी पातळ लाकडी काड्यांनी थेट नळीखालच्या झडपेशी जोडलेली असते, त्यामुळे झडप उघडण्याचा क्षण बोटाला जाणवतो, आणि मग स्वर तोडायचा कुठे, जोडायचा कुठे, हे वाद्यच शिकवू लागते.

फ्रेंच परंपरेत प्रश्न नेमका उलटा आहे. सेझार फ्रांक या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराने स्टॉपांची नावे लिहून ठेवली, कारण त्याच्यासमोर पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमधला, कावाये-कॉल या कारागिराने बांधलेला ऑर्गन होता. पण तो ऑर्गन १९३३ मध्ये आणि पुन्हा पुढे बदलला गेला. फ्रांकचे शिष्य शार्ल तुर्नमिर यांनी १९३०-३१ मध्ये तिथेच केलेली मुद्रणे त्या बदलांच्या आधीची आहेत, म्हणून खरखर असूनही अभ्यासकांना ती मोलाची वाटतात. आज फ्रांकचे वादक रुआँच्या सेंट उआँकडे किंवा तुलूझच्या सेंट सेर्नँकडे वळतात, कारण कावाये-कॉल यांचा नाद तिथे पुष्कळसा टिकून आहे.

गेल्या दोन दशकांत हाउप्टवेर्कसारख्या संगणकप्रणालींनी आणखी एक वाट उघडली आहे. एखाद्या ऐतिहासिक ऑर्गनची प्रत्येक नळी स्वतंत्रपणे, तिच्या मागच्या घुमाऱ्यासकट मुद्रित करतात आणि वादक घरच्या पट्ट्यांवर ती वाजवतो. मात्र खऱ्या ऑर्गनमध्ये अनेक नळ्या एकदम वाजल्या की भात्यातला दाब किंचित खचतो आणि सगळा नाद श्वास घेतल्यासारखा हलतो. सुट्या नळ्यांच्या मुद्रणात तो श्वास नसतो, प्रणालीला तो हिशेबाने घालावा लागतो. शिवाय पट्ट्यांपाशी बसलेल्या वादकाला एक ऑर्गन ऐकू येतो आणि खाली बाकांवर बसलेल्यांना दुसरा. पूर्वी मायक्रोफोन लावणारा यांतला एक निवडत असे. आता काही संचांमध्ये दोन्ही जागांची मुद्रणे दिलेली असतात आणि ती निवडही वादकाच्याच हाती येते.