फाटकात अडकलेली बंडी

विळ्यानं बोट फाटलं की आरोग्य केंद्रात टाके घालण्याआधी जी सुई टोचतात, तिच्यात बहुधा २ टक्के लिग्नोकेन असतं. घरी येऊन माणूस सांगतो, "नस मारली अन् मग शिवलं." नस मरत नाही. मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारं असतात; लिग्नोकेन ती आतल्या बाजूनं अडवतं आणि दुखल्याचा निरोप वाटेतच थांबतो. औषध रक्तानं वाहून नेलं की बोट पुन्हा ठणकू लागतं.

पण हे औषध आणखी एका दारात शिरतं, आणि ती गंमत फारशी सांगितली जात नाही. ते दार म्हणजे निकोटिनिक असिटिलकोलीन ग्राहक. असिटिलकोलीन म्हणजे मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन; ते धरून उघडणारं दार तो ग्राहक. खर्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटीन या घराण्यातले ग्राहक उघडतं, म्हणून हे नाव. स्नायूवरच्या ग्राहकात पाच प्रथिनं गोलाकार उभी असतात, मधे भोक. तंतूच्या टोकातून सुटलेले असिटिलकोलीनचे दोन रेणू आपापल्या जागी बसले की भोक काही मिलिसेकंद उघडतं, सोडियम आत घुसतो आणि स्नायू आकसतो. सर्वांत अरुंद जागी हे भोक जेमतेम ०.६५ नॅनोमीटरचं.

१९७६ साली एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी अशा एकेका भोकातून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला. पुढं १९७८ मध्ये नेहर आणि स्टाइनबाख यांनी बेडकाच्या स्नायूवर लिग्नोकेनची दोन भावंडं वापरली: क्यूएक्स-२२२ आणि क्यूएक्स-३१४. दोन्हींवर कायमचा धन प्रभार. औषध नसताना कागदावर एक सलग ठोकळा उमटायचा: दार उघडलं, दार मिटलं. क्यूएक्स-२२२ घातल्यावर त्याच ठोकळ्याचे तुकडे पडले, प्रवाह चालू-बंद चालू-बंद. क्यूएक्स-३१४ असताना मधल्या खंडांची लांबी वाढली, कारण ते भोकात जास्त वेळ रुतून बसतं.

पांदणीच्या फाटकात बैलबंडी अडकली तर काय होतं? मागची वाट बंद, आणि फाटकही लावता येत नाही. इथंही तेच. रेणू शिरायला दार आधी उघडावं लागतं, आणि तो आत असेपर्यंत दार मिटत नाही. तो निघाला की प्रवाह पुन्हा सुरू, मग दुसरा शिरतो. पेशीच्या आत ऋण विद्युतदाब असतो, तो या धनभारित रेणूला आत ओढतो. दाब जितका ऋण, तितका अडथळा पक्का. साधं लिग्नोकेन याहून गुंतागुंतीचं वागतं. त्याचे काही रेणू प्रभारित तर काही बिनप्रभारी असतात, त्यामुळे ते मिटलेल्या ग्राहकालाही धरतं आणि त्याला असिटिलकोलीन बसलेलं असूनही न उघडणाऱ्या, सुस्त अवस्थेकडं ढकलतं.

नाग हेच दार वेगळ्या रीतीनं बंद करतो. त्याचं विष भोकात शिरत नाही, असिटिलकोलीनच्या बसायच्या जागा बळकावतं. त्यामुळे तिथं स्पर्धा लावता येते: प्रतिविषाच्या जोडीला अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत देतात. निओस्टिग्मिन असिटिलकोलीनचं विघटन रोखतं, त्याची गर्दी वाढते, आणि उतार पडला तर विषानं मिटलेल्या पापण्या उचलू लागतात. भोकातल्या बुचावर ही युक्ती चालत नाही. जास्त दारं उघडली तर बुचाला जास्त दारं मिळतात. मण्यारीच्या दंशातही ती बहुधा फसते, कारण मण्यार मुख्यतः असिटिलकोलीन सोडणारं तंतूचं टोकच निकामी करते. राहिला कडुनिंबाचा पाला. तो कडू लागला म्हणजे विष चढलं नाही, असं मानून गावात तासभर घालवतात. जिभेच्या चवीचा या दाराशी काही संबंध नाही. पाहायच्या त्या पापण्या.

मग टाक्यांच्या सुईनं हातपाय लुळे का पडत नाहीत? बोटाला दोन-तीन मिली पुरतं. अ‍ॅड्रिनलीन न मिसळलेल्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागं ४.५ मिलिग्रॅम, ५० किलोच्या माणसाला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं साधारण ११ मिली. ती ओलांडली किंवा सुई चुकून शिरेत गेली, तर ओठांना मुंग्या, कानात गुंजन, मग झटके, अशी मेंदूची लक्षणं आधी दिसतात. म्हणूनच टोचण्याआधी दट्ट्या मागं ओढून रक्त येतं का ते पाहतात. स्नायूंवरचा परिणाम एरवी जाणवत नाही. पण मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर थकवणारा आजार असलेल्या रुग्णाकडं असे ग्राहक मुळातच कमी उरलेले असतात, आणि शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारं औषध दिलेल्याचे बरेचसे आधीच अडलेले. असा आजार असेल तर दात काढण्याच्या सुईआधीसुद्धा तो डॉक्टरांना सांगायचा.