हिरवा की हिरवट? गोव्यातल्या पर्णवटवट्यांची पार्श्वभूमी

वटवटे म्हणजे पानांत किडे टिपत फिरणारे छोटे पक्षी. त्यातले एकसारखे दिसणारे आवाजावरून वेगळे काढता येतात, हे १८व्या शतकातच इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने तीन जातींबाबत दाखवून दिलं होतं. पुढे संग्रहालयांत पक्ष्यांची कातडी साठत गेली आणि ओळख पंखांच्या मापांवर आली.

गोव्यात हिवाळ्याला येणाऱ्यांपैकी हिरवट पर्णवटवट्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३७चं, हिरव्याचं १८४३चं. तरीही २०व्या शतकातल्या पक्ष्यांच्या बऱ्याच याद्यांनी हिरव्याला हिरवटाची उपजात ठरवून टाकलं. मला हा निर्णय आजही खटकतो. हिरवा कॉकेशसच्या बाजूला वीण करतो. त्याची हाक तीन तुकड्यांची, ‘चि-रु-वीट’ अशी काहीशी. हिरवटाची दोनच तुकड्यांची, ‘चिस्-वी’. पण यादीत रकाना एकच असल्यावर हाक लिहून ठेवायची कुणी?

एकत्र ठेवण्याच्या बाजूनेही मुद्दा होता. १९३८ सालीच एका अभ्यासकाच्या लक्षात आलं होतं की हिरवटाच्या उपजाती तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारख्या पसरल्या आहेत. शेजारच्या एकमेकींत मिसळतात, पण सायबेरियात कड्याची दोन टोकं भेटतात तेव्हा मिसळत नाहीत. मग जात तोडायची कुठे? २००१च्या जनुकीय अभ्यासाने या चित्राला बळ दिलं, तर २०१४च्या अभ्यासात कड्यात जुन्या फटी सापडल्या. हिरवा मात्र त्या कड्यापासून दूर, एकटा. या शतकात बहुतेक याद्यांनी त्याला स्वतंत्र जात मानलं. २००६ साली वटवट्यांचं जुनं कुळच फोडलं गेलं. मराठीत मात्र राखी वटवट्या अजून वटवट्याच आहे, जरी त्याचं कुळ पर्णवटवट्यांपासून वेगळं निघालं.

बोंडला अभयारण्यात किंदळाच्या झाडाच्या शेंड्यावर फेब्रुवारीत हिरवा-हिरवटांपैकी एखादा दिसला की पंचाईत होते. तोवर पंखावरची फिकट पट्टी झिजून पुसट झालेली असते. हिरव्याच्या गळ्यावरची पिवळी झाक सावलीत जाते, आणि पक्षी एका पानावर दोन सेकंदही टिकत नाही. म्हणून आता बरेच जण मोबाइलवर हाक टिपून घेतात.

जात वेगळी होण्याआधीच्या माझ्या वह्यांत मोले, बोंडला, खोतीगाव इथल्या नोंदींपुढे नुसतं ‘हिरवट’ आहे. त्यातले हिरवे किती होते, ते आता निवडता येत नाही. एका नोंदीपुढे तेवढं पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘हाक तीनदा तुटते’. ती मी हिरव्याच्या रकान्यात हलवली.