प्रदूषण मंडळावर कोण बसणार? पात्रतेच्या वादाची पार्श्वभूमी

राज्यात नवे सरकार आले की कोणत्या मंडळावर कोणाची वर्णी लागणार, याची कुजबुज सुरू होते. प्रदूषण नियंत्रण मंडळे तांत्रिक म्हणून त्यातून सुटतील असे वाटते, पण तसे झालेले नाही. पळवाट कायद्यातच आहे.

महाराष्ट्र याबाबतीत केंद्राच्या पुढे होता. राज्याने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. तो राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम ४ नुसार राज्य मंडळाच्या अध्यक्षाला पर्यावरण रक्षणाचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. तो नसेल तर अशा संस्था चालवण्याची माहिती आणि अनुभव चालतो. पदवी कोणती, अनुभव किती वर्षांचा, यावर कायदा गप्प. कलम ६ मधली अपात्रता मात्र काटेकोर: दिवाळखोर नको, सांडपाणी प्रक्रियेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत हितसंबंध असलेला नको. प्रशिक्षणाची तर गंमतच आहे. प्रदूषण रोखण्याच्या कामातल्या माणसांना शिकवण्यात हातभार लावणे हे मंडळाचे कर्तव्य. मंडळावर बसणाऱ्यांनी काय शिकावे, याचा उल्लेख नाही.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९९० मध्ये बेलिअप्पा समितीने प्रत्येक मंडळात प्रशिक्षण कक्ष, योग्य शिक्षण असलेल्यांची भरती आणि अध्यक्ष व सदस्य सचिवांना किमान तीन वर्षे मुदत सुचवली. पुढेही समित्या आल्या, अहवाल फायलींत गेले.

वाद पेटला तो उत्तराखंडातल्या मंडळावरच्या नेमणुकांविषयीच्या अर्जावरून. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यांना नेमणुका तपासायला सांगितले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी तो आदेश अधिकारकक्षेबाहेरचा ठरवून रद्द केला. मात्र राज्यांनी सहा महिन्यांत भरतीचे नियम वा मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असे बजावले. अपात्र नेमणुकीविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा रस्ताही मोकळा ठेवला. माझ्या मते लवादाचे निदान बरोबर होते, औषध देण्याचा परवाना तेवढा नव्हता.

जल कायद्यातल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने अध्यक्ष नेमण्याची पद्धत केंद्राच्या नियमांवर सोपवली. पण ती अध्यक्षापुरती. शेती, मासेमारी, उद्योगांच्या नावाने येणाऱ्या तिघांपर्यंतच्या अशासकीय सदस्यांच्या शिक्षणाबद्दल १९७४ मध्ये कायद्यात अवाक्षर नव्हते, या दुरुस्तीनंतरही नाही.