खळ्यावरचं पहिलं माप

ज्वारीची रास मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. आजोबा चपला खळ्याबाहेर काढायचे, राशीत लिंबाचा टहाळा खोवायचे, नारळ फोडायचे आणि मगच पायलीला हात लावायचे. मोजणी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ही पूजा की हिशेब, असा प्रश्न खळ्यावर कधी कुणाला पडला नाही. अभ्यासकांना मात्र तो पडला आणि आर्थिक मानवशास्त्रानं, म्हणजे माणसांचे देण्याघेण्याचे व्यवहार त्यांच्या समाजासकट अभ्यासणाऱ्या शाखेनं, त्याचा चांगलाच पाठपुरावा केला.

फ्रान्सच्या मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये देणगीवर एक दीर्घ निबंध लिहिला. दिलेल्या वस्तूमागे परतफेडीचं बंधन येतं, आणि त्या देण्याघेण्यात देव, नातं, अब्रू, पोट सगळं एकत्र गुंतलेलं असतं, हे त्यांनी दाखवलं. कार्ल पोलान्यी यांनी 1944 मध्ये म्हटलं की, समाजापासून सुटा, स्वतःच्याच नियमांनी चालणारा बाजार ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. मराठवाड्यात याचा पुरावा दगडातच कोरलेला आहे.

कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत एका खांबावर ब्राह्मी लेख आहे: हा खांब पैठणच्या मितदेव गांधिकाच्या कुळाचं दान. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. तिथंच सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. राजा नाही, सरदार नाही. पेठेतला माणूस लेण्याला हात लावतोय. पैठण आणि तेर, म्हणजे जुनं तगर, या दोन्ही पेठा पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात आहेत. इथला माल गाड्यांनी भडोच बंदराला जाई. त्या वाटेवरचा पैसा डोंगरात लेणी कोरायला आला.

याच काळातला शेजारच्या नाशिकचा लेख तर बँकेच्या खातेवहीसारखा वाचता येतो. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचे 240 झाले, आणि लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी ठरवून दिले. हिशेब तंतोतंत जुळतो. धर्माची ठेव, विणकराच्या मागाला भांडवल आणि भिक्खूच्या अंगावर वस्त्र. मला हा लेख फार मोलाचा वाटतो.

पुढच्या शतकांत ही गुंफण गावगाड्यात दिसते. सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर बेल-पत्रावळी पुरवणारा गुरव, पंचांग सांगणारा जोशी आणि बकरं हलाल करणारा मुलाणीही बलुत्याचा धनी होता. म्हणजे देवाचं काम आणि नांगराचा फाळ शेवटण्याचं, म्हणजे त्याला टोक काढण्याचं काम, दोन्हींचा मोबदला एकाच राशीतून निघे. विल्यम वायझर यांनी 1936 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका गावाच्या अभ्यासातून अशा व्यवस्थेला जजमानी म्हटलं आणि तिच्यात परस्परांची सेवा पाहिली.

ते चित्र अपुरं आहे. राशीतला वाटा श्रमावर नव्हे, जन्मावर ठरत होता, आणि महार-मांगांच्या वाट्याला राबणूक सगळ्यात जास्त अन् मान सगळ्यात कमी येई. शिवाशिवीला धर्माचं नाव होतं आणि फुकट राबवण्याला वतनाचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी 1941 मध्ये निजामाच्या राज्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले, ते या गाठीवर बोट ठेवायलाच. पुढं 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत बौद्ध झालेल्यांनी मेलेलं जनावर ओढायचं थांबवलं. गावानं बलुतं बंद केलं, कुठं कुठं बहिष्कारही टाकला. धर्म बदलला तेव्हा त्या घरांचं अर्थकारण त्याच दिवशी बदललं. धर्म आणि अर्थ यांचा संबंध समजून घ्यायचा तर याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

बाजारातही देव होताच. आडत्याच्या पट्टीत हमाली आणि तोलाईच्या खाली ‘धर्मादाय’ अशी एक कपात असे. पैसा शेतकऱ्याच्या मालातून जाई आणि त्यातून बांधलेल्या धर्मशाळेवर नाव व्यापाऱ्याचं लागे. असल्या कपातींना चाप बसायला बाजार कायद्यांची वाट पाहावी लागली. हैदराबाद संस्थानात असा कायदा 1930 मध्ये झाला.

आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. ते मळणीयंत्रातून थेट पोत्यात आणि पोत्यातून टेम्पोत जातं. खळं करायचं कारणच उरलं नाही. बलुतं गेलं, सालगडी राहिला. त्याचं साल आजही गुढीपाडव्यालाच संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. आमच्या गावात पूर्वी ही बोलणी पारावर व्हायची, आता फोनवर होतात. आकडा ठरला, उचल हातात पडली की गडी मारुतीला नारळ फोडून येतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या शेतावर त्याचं साल सुरू होतं.