जुनं सागवान पावसाळ्यात फुगत नाही?

"जुन्या वाड्याचं सागवान वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, ते आता हलत नाही." नाशिकमध्ये घरी सुतारकाम सुरू करणाऱ्याला हे हमखास ऐकायला मिळतं. कमी पैशांत चांगलं लाकूड हवं तर जुनं सागवान जरूर घ्या. पण ते हलतं, म्हणजे फुगतं आणि आकसतं. लाकूड कितीही जुनं असो, हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं. सागवान इतरांपेक्षा कमी हलतं, आणि तेही रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच.

खात्री करायला एक मोजपट्टी पुरे. मे महिन्यात, पॉलिश न केलेल्या फूटभर रुंद फळीची रुंदी मोजून मागे पेन्सिलीने लिहा. ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा मोजा. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सहज दिसतो.

पंचवटीतल्या एखाद्या वाड्याचं दिलह्याचं (चौकटीत बसवलेल्या फळीचं) दार जवळून पाहा. दिलहा चौकटीच्या खाचेत मोकळा बसवलेला असतो, फुगायला जागा ठेवून. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून टेबलाची रुंद फळी चौकटीला डिंकाने चिकटवू नका. स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट पाडा. भोकं लांबवायला पटाशी आणि छोटी कानस असली की झालं.