टर्बोपाशी ऑइल दिसतंय? नवा टर्बो टाकण्याआधी हे वाचा

ग्राहक बंधू-भगिनींनो,

गाडीच्या टर्बोपाशी ऑइल दिसले की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: टर्बो गेला, नवा टाका. खर्च मोठा असतो. आणि ऑइल का आले हे न शोधता टाकलेला नवा टर्बोही थोड्याच दिवसांत तसाच ओला होतो. म्हणून धुळ्याच्या आमच्या गॅरेजमध्ये टर्बो खोलण्याआधी बाकीची तपासणी होते. ती कशी आणि कशासाठी, हे गाडीच्या मालकाला कळायलाच हवे.

टर्बोत ऑइल कशाला लागते

इंजिनातून सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूने एका बाजूचा पंखा फिरतो. त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल बारीक पाईपमधून दाबाने आत येते, पण परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे, जाताना त्याला ढकलणारे कोणी नसते. फेसाळलेले ऑइल आपल्याच वजनाने जाड रिटर्न पाईपमधून खाली उतरते.

शाफ्टच्या टोकांना असलेले सील रबरी नसतात. पिस्टनला असतात तशा धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि त्या वाट पूर्ण बंद करत नाहीत. पंख्यांच्या बाजूला दाब असतो म्हणून ऑइल आत राहते. तो दाब कमी पडला, किंवा ऑइलला खाली उतरायला वाट मिळाली नाही, की ते रिंगांतून बाहेर येते. अशा वेळी टर्बो ठणठणीत असूनही गळतो.

वाट कुठे अडते

रिटर्न पाईप आधी पाहा. तो आतून कार्बनने भरलेला असतो, कुठे दबलेला असतो, किंवा आधीच्या कामात गॅस्केटवर भरमसाट सिलिकॉन लावलेले असते आणि त्याचाच तुकडा सुटून तोंडाशी बसलेला असतो. टर्बोच्या ऑइल पाईपांच्या जोडाला आम्ही सिलिकॉन लावत नाही, तुमच्या गाडीला कोणी लावू लागला तर थांबवा.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर चेंबर आधीच भरलेले असते आणि परतणारे ऑइल अडते. "थोडे जास्त असले तर चांगलेच" हा समज सोडा.

तिसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी वाट. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढले की थोडी वाफ येते, ते ठीक. पण धूर जोरात भपकारे मारत येत असेल तर ब्रीदर चोक आहे किंवा रिंग-पिस्टन झिजून बॅक कॉम्प्रेशन होत आहे, म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरत आहे. चेंबरमधला हा दाब ऑइलला वर टर्बोतच अडवतो. ब्रीदर साफ करून भागले तर उत्तम. नाही भागले तर काम इंजिनचे निघते, आणि ते आम्ही तोंडावर सांगतो, कारण अशा इंजिनवर नवा टर्बो लावणे म्हणजे तुमचे पैसे वाया घालवणे.

आपल्या खान्देशातली दोन कारणे

शेतरस्त्यांची काळी धूळ आणि जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू एअर फिल्टरवर थर धरतो. फिल्टर चोक झाला की टर्बो जोराने हवा ओढतो, तोंडाशी पोकळी तयार होते आणि ऑइल त्या बाजूला खेचले जाते. यावल, रावेर, शिरपूरकडच्या शेतांत रोज जाणाऱ्या गाडीने पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरची वाट पाहू नये, फिल्टर त्याआधीच बदलावा.

दुसरे कारण उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, लग्नाला आलेली गाडी मंडपाबाहेर एसी लावून तासभर उभी राहते. नुसत्या आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता इंजिन चालू असताना, पंख्यांच्या बाजूला पुरेसा दाब नसतो आणि ऑइल हळूहळू झिरपते. नंतर गाडी पळवली की निळा धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. एवढ्यावरून टर्बो बदलू नका.

आम्ही तपासतो कसे

आधी वरून खाली. टॅपेट कव्हर (इंजिनाचे वरचे झाकण) किंवा ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपातून गळलेले ऑइल वाऱ्याने टर्बोवर येते आणि नाव टर्बोचे होते. तो भाग पुसून, गाडी थोडी चालवून, पुन्हा पाहतो.

मग फिल्टरकडून येणारा होज काढून आत पांढरे फडके फिरवतो. पंख्याच्या आधीच ओल असेल तर ते ऑइल ब्रीदरचे आहे, कारण ब्रीदरचा पाईप तिथेच जोडलेला असतो. हलका तेलकट थर तर चांगल्या गाडीतही असतो. यानंतर शाफ्ट बोटांनी हलवून पाहतो. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे खेळ हाताला जाणवला, पाती घराला घासल्याची चकचकीत रेघ दिसली किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या, तर टर्बो खरोखर गेला आहे. हे आम्ही तुम्हाला जवळ बोलावून दाखवतो. होज काढलेलाच आहे, तुम्हीही शाफ्ट हलवून बघा.

सायलेन्सरच्या बाजूने पाईप उतरवतो. टर्बोच्या आधीचा मॅनिफोल्डही (इंजिनातला धूर टर्बोत आणणारा भाग) ओला असेल तर ऑइल इंजिनातून येत आहे. तो कोरडा आणि टर्बोच्या पुढचाच भाग ओला असेल तर संशय टर्बोवर जातो. काळा धूर ऑइलचा नसतो, तो हवा कमी किंवा डिझेल जास्त झाल्याचा.

टर्बो बदलावाच लागला तर ऑइल, दोन्ही फिल्टर आणि आत येणारा बारीक पाईपही पाहावा लागतो, आणि इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) साचलेले ऑइल काढावेच लागते. डिझेल गाडीत ते इंजिनात ओढले गेले तर इंजिन त्याच ऑइलवर चालते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. घाटात, मग तो कन्नडचा असो की कोंडाईबारीचा, गाडी आपोआप रेस घेऊ लागली आणि मागे दाट धूर दिसला तर गाडी कडेला घेऊन थांबवा, ब्रेक घट्ट दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन बंद पडेल. ऑटोमॅटिक गाडीत हे जमत नाही. तिथे सगळ्यांना उतरवून लांब जा.

गाडी आणताना इंजिन धुऊन आणू नका, ओलीची खूण पुसली जाते. आधी कुठे काम झाले असेल तर बिल सोबत ठेवा आणि निळा धूर नेमका कधी येतो, सकाळी सुरू करताना, चढावर की बराच वेळ उभी राहिल्यावर, ते लक्षात ठेवून सांगा. बदललेला जुना टर्बो तुमच्या ताब्यात दिला जाईल.