हाड एक, रूपे दोन: युनिकोडमधल्या चिनी चिन्हांच्या वादाची पार्श्वभूमी
चिनी चिन्ह थेट अर्थ दाखवते, उच्चाराशी त्याला देणेघेणे नसते, ही समजूत जुनी आहे आणि अर्धवटच खरी आहे. 'आई' या चिन्हात डावीकडे 'स्त्री' असते आणि उजवीकडे 'घोडा'. घोडा तिथे केवळ उच्चारासाठी येतो: दोन्ही शब्द 'मा', फक्त सूर वेगळा. बहुसंख्य चिन्हे अशीच अर्थ आणि ध्वनी जोडून घडली आहेत. पण तेच चिन्ह चीन, जपान आणि कोरियात वेगवेगळ्या उच्चारांनी वाचले जाते, त्यामुळे ही समजूत टिकली आणि पुढे युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, एका निर्णयाला पूरक ठरली.

युनिकोडची सुरुवातीची आखणी १६ बिटांची होती, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी मिळून ६५,५३६ जागा. पूर्व आशियातल्या प्रत्येक देशाची चिन्हे स्वतंत्र घेतली असती तर बाकीच्यांसाठी फारसे काही उरले नसते. म्हणून मूळ चिन्ह एक असेल तर क्रमांकही एकच, असे ठरले. १९९२ मध्ये अशी २०,९०२ चिन्हे प्रसिद्ध झाली.

जपानमधून यावर कडाडून टीका झाली, आणि ती रास्त होती. 'हाड' या चिन्हात वरच्या चौकटीतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे असतो, जपानमध्ये उजवीकडे; क्रमांक मात्र एकच. फाँट चिनी असला की जपानी वाचकाला परके वळण दिसते. (मराठी आणि हिंदी वळणाच्या 'ल'चेही असेच झाले आहे.) उलट 'तलवार' या चिन्हाची सहा रूपे जपानच्या जुन्या मानकात वेगळी होती म्हणून ती वेगळीच राहिली. रोमन, ग्रीक आणि रशियन लिप्यांमधला दिसायला सारखाच असलेला 'ए' तर तीन क्रमांक घेऊन बसला आहे. एकत्रीकरणाच्या कामात चिनी आणि जपानी तज्ज्ञ होते हे खरे, पण त्याने ही विसंगती मिटत नाही.

१९९६ मध्ये जागा दहा लाखांच्या पुढे गेल्या. टंचाई संपली, पण एकदा दिलेला क्रमांक बदलता येत नाही. नंतर आलेल्या चिन्हांमुळे चिनी चिन्हांची एकूण संख्या आज ९० हजारांपलीकडे आहे. आडनावांतली खास वळणे जपण्यासाठी चिन्हापुढे एक अदृश्य खूण जोडण्याची सोय झाली; अशा रूपांची नोंद २००७ पासून होते. फाँटमध्ये ते रूप नसेल तर मात्र खूण असूनही नेहमीचेच वळण उमटते.